गादी बदलली, आता तुम्ही काय ठरवणार?

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आजचा धडा इथे सविस्तर लिहून देतोय. उदाहरण कुस्तीचं आहे, पण हिशोब आपल्या दुकानाचा आहे.

खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. सवय मातीच्या आखाड्याची, आणि तिथे लढायचं होतं गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी. सहावा क्रमांक आला.

आता इथे जरा थांबा. निकाल लागून गेलेला असतो, तो कोणाला बदलता येत नाही. पण त्यानंतर काय करायचं, हे आपल्याच हातात असतं. "गादीच आपली नाही" असं म्हणून घरी बसता येतं, किंवा गादी शिकता येते. खाशाबांनी पुढची चार वर्षं तयारीला दिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते वरच्या, म्हणजे ५७ किलो वजनी गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं.

यातून आपण तीन गोष्टी घ्यायच्या.

१. कारण शोधा, बहाणा नको. दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. "गिऱ्हाईक ऑनलाइन घेतं" हे कारण आहे. "म्हणून आता काही होत नाही" हा बहाणा आहे. कारण सापडलं की पुढचं काम दिसतं: कोणता माल ऑनलाइन जातो, आणि कोणता लोकांना आजच, हातात, बघून पाहिजे असतो?

२. दुसऱ्याचा पैसा म्हणजे दुसऱ्याचा विश्वास. हेलसिंकीच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी मदत केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तुम्ही घर गहाण ठेवा असं मी म्हणत नाही, उलट ते टाळाच! पण आईचे दागिने असोत की बचत गटाचं कर्ज, तो पैसा धंद्यात आला की सकाळी शटर किती वाजता उघडायचं, हा निर्णय एकट्या तुमचा राहत नाही.

३. एक हार म्हणजे पूर्ण स्पर्धा नाही. हेलसिंकीतही खाशाबा जपानच्या इशीकडून हरले. सुवर्णपदक त्याच इशीने जिंकलं. म्हणजे योग्य निर्णय घेतला तरी सगळं जिंकता येतंच असं नाही. पण तयारीमुळे सहाव्यावरून तिसऱ्यावर येता आलं. धंद्यातही मागच्या दिवाळीपेक्षा यंदाचा गल्ला वाढला का, तेवढं बघा.

साकोलीसारख्या महामार्गावरच्या गावात रोज नवीन दुकान उघडतं, रोज गिऱ्हाईकाची सवय बदलते. आपली गादी बदलतच राहणार. मन तयार होईल मग ठरवू, असं म्हणत बसू नका. आधी ठरवा, चार दिवस ते पाळा, मन आपोआप मागे येतं.

आजचा गृहपाठ: वहीत दोन रकाने करा. डावीकडे मागच्या महिन्यातलं एक नुकसान लिहा, उजवीकडे त्यावर उद्यापासून करायचं एकच काम. महिनाभर रोज खूण करा. उजवा रकाना कोरा राहिला, तर समजून घ्या, अजून आपण मातीवरच उभे आहोत.