तीन घरं, चार दिवस आणि आंबोलीचा घाट

प्रश्न : दिवाळीनंतर आईला (वय ७२) घेऊन पुण्याहून कारनं साताऱ्याची मावशी, कोल्हापूरचे जुने मित्र आणि सावंतवाडीचं आजोळ करायचं आहे. हाताशी चार दिवस आहेत. जमेल का?

उत्तर : जमेल, पण मुक्काम तिन्हीकडे नको. सातारा साधारण ११० किलोमीटरवर आहे. सकाळी सहाला निघालात तर नाश्ता मावशींकडे होईल. ‘आता जेवूनच जा’ हा आग्रह होणारच, म्हणून ‘फक्त नाश्ता, दुपारी निघणार’ हे आदल्या दिवशीच फोनवर सांगा. ऐनवेळी उठलं की माणसं दुखावतात. संध्याकाळ आणि रात्र मित्रांसाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरामार्गे आंबोली. हा घाट उजेडातच उतरा. तिथं धुकं अचानक दाटतं. खालच्या गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवू नका, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आईंना गाडी लागत असेल तर पुढं बसवा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दर दीड-दोन तासांनी त्यांना उतरवून पाच मिनिटं चालवा. पाय सुजत नाहीत. लघवीला थांबावं लागेल म्हणून त्या पाणी टाळतील, तसं होऊ देऊ नका.

तिसरा दिवस पूर्ण आजोळी घालवा. आई त्यासाठीच निघाल्या आहेत. चौथ्या दिवशी पहाटे निघा आणि परतताना कुणाकडेही थांबू नका.