एक ओळ खोडली, तेव्हा

दिवाळीच्या सुटीत अंबडच्या आमच्या वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर बदलला. नव्यावर लिनक्सची ताजी आवृत्ती आणि जीसीसी 15. जॉब तपासणीचा माझा सी प्रोग्रॅम कम्पाइल करायला घेतला, तर पहिल्याच हेडर फाइलवर एरर: ‘टाइपडेफ इंट बूल’ चालणार नाही.

ती ओळ माझीच. नाशिकला आम्ही सी शिकलो ते टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर. तो कम्पायलर 1999 च्या मानकाआधीचा, त्यात बूल नव्हताच. इंटलाच बूल म्हणायची सवय हाताला लागली, ती सुटली नाही. सी23 मध्ये, म्हणजे आयएसओने ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 9899 मानकाच्या सुधारित रूपात, बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचे स्वतःचे राखीव शब्द झाले. वेगळं काही सांगितलं नाही तर जीसीसी 15 हेच मानक धरतो. मी हे वाचलेलं नव्हतं.

मी ओळ खोडली. एरर गेली, प्रोग्रॅम चालला, मी घरी गेलो.

इंट चार बाइटचा, नवा बूल आमच्या मशीनवर एका बाइटचा. प्रत्येक जॉबच्या नोंदीत अशा चार खुणा ओळीने होत्या: व्यास, बोअर, थ्रेड, फिनिश. सोळा बाइटची जागा चारवर आली. आणि मी स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये लिहीत होतो! जुन्या फाइली उघडल्या की एका जॉबची मापं दुसऱ्याच्या नावावर पडत. स्क्रीनवर आकडे मात्र दिसत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. शेवटी इन्स्पेक्शनच्या मुलीने विचारलं, ‘‘सर, दिवाळीआधी मी रिजेक्ट केलेला जॉब इथे ओके कसा?’’

त्या लॉटमधले पाठवायचे राहिलेले सगळे जॉब पुन्हा गेजवर घेतले. तीन दिवस गेले. नव्या नोंदी त्याच फाइलला जोडल्या गेल्या होत्या, त्या वेगळ्या काढणं त्याहून जिकिरीचं झालं.

म्हणून सांगतो. कोणतं मानक वापरायचं ते कम्पायलरच्या कमांडमध्येच लिहा, ते कम्पायलरवर सोडू नका. फाइलमध्ये किंवा केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक आकड्याला ‘स्टडइंट’ हेडरमधले ठरावीक मापाचे प्रकार द्या, आणि स्ट्रक्चरची लांबी स्टॅटिक अ‍ॅसर्टने बांधून टाका. ती एक ओळ असती, तर माझा प्रोग्रॅम कम्पाइलच झाला नसता. सी23 मध्ये फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थही बदलला आहे: पूर्वी आर्ग्युमेंट किती ते सांगितलेलं नाही, आता एकही नाही. तिथे बहुधा एरर तरी मिळते. घात होतो तो एरर न देता बदलणाऱ्या मापांनी.

सातपूर-अंबडला तुमचाही असा जुना प्रोग्रॅम चालू असेल, तर कम्पायलर बदलण्याआधी डेटा फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, नव्या प्रोग्रॅमने त्यातल्या दहा नोंदी उघडून कागदी रजिस्टरशी ताडून पाहा, आणि मगच शिफ्ट सुरू करा.