नव्या पाळकास

चि. बाळास,


तुझी दीक्षा झाली, मंडळीही मिळाली. आता रविवारी उपासना संपून सगळे बाहेर पडले की एखादी बाई मागे रेंगाळेल. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज, पदर हातावर ओढलेला. "पाळकसाहेब, यांची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करा," एवढंच म्हणेल. माराबद्दल चकार शब्द नाही. प्रार्थना जरूर कर. पण "सहन कर, हा तुझा क्रूस आहे" असं सांगून तिला परत पाठवू नकोस. येशूने क्रूस आपण होऊन उचलला. हिने मार कुठे मागून घेतलाय?

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन घरोघरी पाठ असतं: बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं. त्याच्या आधीचं वचन दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं, आणि पंचविसावं नवऱ्याने बायकोवर ख्रिस्तासारखी, स्वतःला वाहून देणारी प्रीती करावी असं बजावतं. त्यावरचा उपदेश पुरुषांच्या बाकांकडे बघून कर.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली केडगावला आणून सांभाळल्या. निराधार बाईला आसरा देणं ही मराठी ख्रिस्ती लोकांची जुनी सेवा आहे.

कायदा मात्र फार रेंगाळला. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. ख्रिस्ती बायकोला नुसत्या छळावर सुटका नव्हती, जोडीला नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद मोडून काढला आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तर घटस्फोट न मागताही संरक्षण मिळतं. शिव्याशाप, पैशाची अडवणूक हेही त्यात हिंसाचारच धरलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तुझ्या डायरीत हवा.

समेटासाठी दोघांना समोरासमोर बसवायची घाई करू नकोस. तिथे ती बोलली तर घरी तिचे हाल होतात. तिला वेगळं भेट, सोबत महिला मंडळातली विश्वासू बाई असू दे. तिने लग्नाचा दाखला मागितला तर नवऱ्याला विचारत बसू नकोस, रजिस्टरवरून काढून दे.

25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर जगभर स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध जागृती होते, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार नेहमी त्यातच येतो. त्या दिवशी 181 ही हेल्पलाइन जाहीर कर. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागेही नंबर चिकटव, तिथे पाठीमागे नवरा नसतो.

तुझी आत्या