'तत्' : एका लुप्त भाषेंतील नाम

विद्यार्थ्यांनो, विभक्तीचे प्रत्यय घोकतांना "हें सारें कशासाठीं?" असा प्रश्न तुमच्या मनांत येतो, हें आम्ही जाणून आहों. त्याचें उत्तर आज एका दूरच्या भाषेंतील लहानशा नामावरून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें नाम 'तत्' व त्याचा अर्थ 'पुरुष'. संस्कृतांतील 'तत्' या सर्वनामाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, हल्लींच्या सोची शहराच्या आसपास, कॉकेशस पर्वताच्या कुशींत उबिख लोक राहत असत. 'उबिख' हें नांवही त्यांचें स्वतःचें नव्हे. तें शेजारच्या सर्केशियन भाषेंतून आलेलें आहे. १८६४ सालीं रशियानें तो मुलूख जिंकला आणि हे लोक देशत्याग करून तुर्कस्तानांत गेले. त्यांच्या भाषेंत व्यंजनें ऐंशींहून अधिक होतीं, पण स्वर मात्र दोन किंवा तीनच. यास्तव आपल्या लिपींत तिचे उच्चार स्थूलमानानेंच दाखवितां येतात.

आतां नामाकडे वळूं. 'तत्' म्हणजे कोणी एक पुरुष. इंग्रजींतील 'दि' या उपपदाप्रमाणें मागें 'आ' जोडला कीं 'आतत्', म्हणजे तो ठराविक पुरुष. तो जातो, येतो, म्हणजे क्रिया अकर्मक असते, तेव्हां नामास प्रत्यय लागत नाहीं. परंतु सकर्मक क्रियेचा कर्ता होतांच 'न्' लागून 'आततन्' असें रूप होतें, व अनेकवचनीं 'ना' लागून 'आतत्ना'. कर्म मात्र प्रत्ययावांचून राहतें.

हें ऐकून तुम्हांस कांहीं आठवतें काय? "पुरुष आला", पण "पुरुषानें आंबा खाल्ला", अनेकवचनीं "पुरुषांनीं". आणखी पाहा : "एक पुरुष आला, चार पुरुष आले", येथें नाम बदललें नाहीं, वचन क्रियापदानें सांगितलें. उबिख भाषेंतही तसेंच. 'आक्यान्' म्हणजे तो जातो व 'आक्याआन्' म्हणजे ते जातात. भेद इतकाच कीं, आपली ही रचना मुख्यत्वें भूतकाळीं दिसते. तेथें काळाचें असें बंधन नव्हतें. मात्र 'नें' आणि 'न्' यांच्या साम्यावरून दोन्ही भाषा एका कुळांतल्या, असें कोणी मानूं नये. हें साम्य योगायोगाचें आहे. परस्परांस न ओळखणाऱ्या दोन समाजांच्या बुद्धीनें एकच वाट काढिली, हेंच यांतील नवल होय.

हें आपणांस कळतें तें झ्यॉर्ज द्यूमेझील या फ्रेंच पंडितासारख्यांच्या श्रमांमुळें, आणि तेव्फिक एसेन्च या वृद्ध गृहस्थांच्या चिकाटीमुळें. एसेन्च आजी-आजोबांजवळ वाढले, म्हणून त्यांस ही भाषा आली. त्यांच्या मुलांस ती बोलतां येत नव्हती. ता. ७ ऑक्टोबर १९९२ रोजीं ते वारले आणि 'आतत्' हा शब्द सहज बोलणारें शेवटचें मुख बंद झालें.

पालकहो, त्या भाषेचें व्याकरण छापलेलें आहे, कोशही आहे. परंतु घरांत बोलणारें मूल नाहीं. ग्रंथ भाषेची आठवण राखतात. भाषा राखते ती चुलीपाशीं चाललेली बोली. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां 'नें' व 'नीं' घोकाल, तेव्हां हे प्रत्यय आपल्या ओठांवर अजून जिवंत आहेत, एवढें मनांत आणा.