उजवीकडचा अक्ष घेतला आणि पाऊस लपला

प्रश्न : मुंबईचा दरमहा सरासरी पाऊस आणि सरासरी कमाल तापमान विद्यार्थ्यांना एकाच आलेखात दाखवायचे होते. एक्सेलमध्ये दोन्हींचे स्तंभ काढले. तापमानाचे स्तंभ फारच खुजे दिसले, म्हणून त्यांना उजवीकडे वेगळा अक्ष दिला. तर पावसाचे स्तंभ त्यांच्यामागे लपले! शिवाय तापमान जुलैत कोसळल्यासारखे दिसते. आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर आहेत. मग चुकते कुठे?
– एक भूगोल शिक्षिका

उत्तर : आकडे बरोबर आहेत आणि तुमचा संगणकही ठीक आहे. वेगळा अक्ष घेण्याचा विचारही योग्यच होता. मुंबईत जुलैमध्ये सरासरी आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. कमाल तापमानाची सरासरी मात्र वर्षभर ३० ते ३४ अंशांच्या आतच फिरते. हजारापर्यंत गेलेल्या अक्षावर तीस अंशांचा स्तंभ तळाला चिकटणारच.

घोटाळा पुढे होतो. दुसरा अक्ष म्हणजे त्याच आलेखाच्या उजव्या कडेला लावलेली आणखी एक मोजपट्टी, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एक्सेल तिथे दुसरा आलेखच काढते आणि ट्रेसिंग पेपरसारखा पहिल्यावर ठेवते. एका आलेखातले स्तंभ एकमेकांना जागा देऊन शेजारी उभे राहतात. पण वरच्या कागदाला खालच्या कागदावर काय आहे याचा पत्ता नसतो. दोन्हीकडचे जुलैचे स्तंभ जुलैच्या जागेच्या मधोमध येतात आणि वरचा खालच्याला झाकतो.

अशा वेळी सिरीजचा क्रम बदलून पाहण्याचा मोह होतो. त्याने काही साधत नाही, कारण सेकंडरी अ‍ॅक्सिसवरची सिरीज नेहमी वरच राहते. मध्ये रिकाम्या सिरीज घालून स्तंभ बाजूला सरकवण्याची युक्तीही काही जण सांगतात. ती चालते. लिबरऑफिस कॅल्कमध्ये तर स्तंभ शेजारी दाखवण्यासाठी तयार पर्यायच आहे. तरी मी ते करणार नाही. सारखेच दिसणारे दोन स्तंभ शेजारी उभे राहिले, की कोणता डावीकडे वाचायचा आणि कोणता उजवीकडे, हे विद्यार्थ्याला कसे कळावे? पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेने दाखवा. चेंज चार्ट टाइपमध्ये जाऊन कॉम्बो निवडा, पावसाला क्लस्टर्ड कॉलम द्या, तापमानाला लाइन द्या आणि त्यासमोरच्या सेकंडरी अ‍ॅक्सिसच्या चौकटीत खूण करा. रेषा वर आली तरी स्तंभ झाकत नाही.

आता जुलैतली घसरण. अक्ष कुठून सुरू करायचा हे एक्सेल स्वतः ठरवते. सगळे आकडे शून्याच्या वर असतील आणि सर्वांत लहान आकडा सर्वांत मोठ्याच्या पाच षष्ठांशाहून जास्त असेल, तर ते शून्य सोडून देते. ३४ चे पाच षष्ठांश म्हणजे २८.३. तुमचा लहानात लहान आकडा तिसाच्या वर आहे, म्हणून उजवा अक्ष २८ च्या आसपास सुरू झाला असणार. मग मेच्या साडेतेहेतीस अंशांचा स्तंभ साडेपाच अंशांएवढा उरतो आणि जुलैच्या साडेतीस अंशांचा जेमतेम अडीच. तीन अंशांचा फरक निम्म्याहून अधिक दिसू लागतो. आधी पावसाबरोबर एकच अक्ष होता, तेव्हा सुरुवात शून्यापासून होती. म्हणून ही घसरण तेव्हा दिसली नाही. उजव्या अक्षावर डबल क्लिक करा आणि मिनिममच्या चौकटीत ० लिहा. स्तंभ असतील तर शून्यापासून सुरुवात हवीच, कारण स्तंभाची उंची हेच त्याचे मूल्य. रेषेला थोडी मोकळीक आहे, पण अक्ष शून्यापासून नसेल तर तसे आलेखाखाली लिहा.

उजवीकडचे आकडे नको वाटले म्हणून तो अक्ष डिलीट मात्र करू नका. तो गेला की तापमान पुन्हा पावसाच्या मापावर जाते आणि रेषा तळाशी सपाट होते. आकडे लपवायचेच असतील तर लेबल पोझिशनमध्ये नन निवडा.

तुम्ही विचारले नाही, पण विद्यार्थी नक्की विचारतील असा एक प्रश्न उरतो : रेषा स्तंभांना जिथे छेदते, तिथे काय घडते? तुमच्या आलेखात काहीच नाही. उजवा अक्ष ४० ऐवजी ६० पर्यंत न्या, तो छेद दुसरीकडे सरकेल. हवा तीच, पाऊस तोच. दोन अक्षांच्या आलेखांवरून या छेदबिंदूंमुळे चुकीचे निष्कर्ष सहज निघतात, आणि वर्गात यावर पाच मिनिटे जरूर द्यावीत असे मला वाटते.

छेदाला अर्थ यायचा असेल तर दोन्ही मापांचे नाते आधी ठरवावे लागते. हाइनरिश वाल्टर आणि हेल्मुट लीथ यांनी १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या हवामान-आलेखांच्या जागतिक संग्रहात ते ठरवले आहे : महिन्याच्या सरासरी तापमानाचे १० अंश आणि २० मिलिमीटर पाऊस समान उंचीवर. पावसाची रेषा तापमानाच्या खाली असेल तर तो काळ कोरडा, वर असेल तर ओला. या मापाने मुंबईचे नोव्हेंबर ते मे हे महिने कोरडे ठरतात आणि जून ते ऑक्टोबर ओले. शंभर मिलिमीटरच्या वर मात्र त्यांनी पावसाचे माप दहापट आवळले आहे, नाहीतर आपल्याकडचा जुलै कागदाबाहेरच गेला असता. असा मध्येच आवळलेला अक्ष एक्सेलमध्ये सरळ मिळत नाही. शंभराच्या वरचा भाग दहाने भागून, त्यात शंभर मिळवून, वेगळ्या रकान्यात मांडावा आणि अक्षावरचे आकडे हाताने लिहावेत.

एवढा खटाटोप नको असेल, तर दोन स्वतंत्र आलेख काढा. वर तापमान, खाली पाऊस, दोन्हींची रुंदी सारखी आणि महिने एकाखाली एक.