दाताची पाचवी बाजू
(इयत्ता ४ थीसाठी आरोग्यपाठ, दोन तासिका)

दात घासले म्हणजे दात स्वच्छ झाले, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. प्रत्येक दाढेला पाच बाजू असतात : गालाकडची, जिभेकडची, चावण्याची आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. ब्रश असो वा कडुलिंबाचे दातवण असो, ते पहिल्या तीन बाजूंना चांगले पोचते. उरलेल्या दोन बाजूंना कोण पोचणार, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

१. पाठाची आवश्यकता

मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दातांच्या मागे, पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि आलीच तर तीही पुढे पडणारच, असे समजून तिची हेळसांड होते. वस्तुतः ही दाढ जन्माची सोबतीण असते. ती किडून गेली म्हणजे पुन्हा येत नाही. आपल्या वर्गात गालावर हात धरून बसलेले मूल पुष्कळदा अभ्यासात मागे नसते. ते दुखण्याने बेजार झालेले असते. हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

२. साहित्य

मक्याचे कणीस, भिजवलेले थोडे पीठ, जुना ब्रश व हातभर दोरा. मलकापूर तालुक्यात हे साहित्य कोणत्याही गावी विनासायास मिळेल.

३. प्रयोग

कणसाच्या दाण्यांच्या ओळी मुलांना दाखवाव्यात व विचारावे, “हे कशासारखे दिसते?” उत्तर सहज येईल. मग दाण्यांवर पीठ चोळून ते फटींत दाबावे. एका विद्यार्थ्यास ब्रशने कणीस स्वच्छ करावयास सांगावे. दाण्यांचे माथे लखलखीत होतील. फटींतले पीठ मात्र राहील. आता दुसऱ्या विद्यार्थ्याने दोन दाण्यांमधून दोरा हळूच ओढावा. पीठ दोऱ्याबरोबर बाहेर येईल. शिक्षकाने येथे व्याख्यान देऊ नये. “ब्रशला हे का जमले नाही?” एवढाच प्रश्न विचारून थांबावे व निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्यावा.

४. साधनांचा थोडा इतिहास

सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड व गाठी नसलेले असावे, असे सांगितले आहे. जुन्या घरांतून चांदीचे वा पितळेचे दातकोरणे कानकोरण्यासह एकाच कडीत अडकवलेले असे. एकच वस्तू धुऊन, पुसून वर्षानुवर्षे वापरण्याची कल्पना आपणांस नवी नाही. मात्र दातकोरण्याने अडकलेला कण निघतो. दाताची बाजू पुसली जात नाही. ते काम दोऱ्याचे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्म्ली यांनी १८१९ साली मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवण्याचा सल्ला आपल्या पुस्तकात दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली, आणि नंतर प्लास्टिकच्या दांडीस दोऱ्याचा तुकडा ताणून बसवलेली, एकदा वापरून फेकून देण्याची काडी बाजारात आली.

५. पुन्हा वापरण्याजोगे साधन

या काडीचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. एका मुलास रोज एक काडी, तर वर्षाला ३६५. शंभर मुलांच्या शाळेस ३६,५००. ही प्लास्टिकची दांडी कुजत नाही. ती उकिरड्यातून शेतात वा नालीतून नळगंगेत जाते. कानकोरण्याच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशात बंदी आली, हे मुलांना सांगावे.

याला पर्याय म्हणजे बेचक्याच्या आकाराची पोलादाची वा बांबूची दांडी. तिच्या दोन टोकांत मुलाने वा पालकाने दोरा ताणून बसवावयाचा, वापर झाल्यावर तो काढून टाकावयाचा व दांडी धुऊन कोरडी करून ठेवावयाची. बांबू ओला राहिल्यास बुरसटतो, म्हणून तो उन्हात वाळवावा. दोरा रेशमाचा, मेण लावलेला व याच कामासाठी तयार केलेला असावा. दांडी मिळाली नाही तरी अडत नाही. दोन हातांची बोटे हीच सर्वांत जुनी व बिनखर्चाची दांडी होय.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आपला मुलूख कापसाचा. दोरा घरोघरी आहे. म्हणून शिवणयंत्राचा दोरा मुले तोंडात घालतील. तो बारीक व चिवट असल्याने हिरडी कापतो, आणि रंगवलेला असल्यास तोंडात घालण्याजोगा नसतो. तसेच बाभळीचा काटा, टाचणी व आगकाडी यांनी दात कोरण्यास सक्त मनाई करावी.

पाठातील मुख्य नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा : दांडी टिकते, दोरा बदलतो, आणि दोन्ही एकट्याचीच असतात. ‘पुन्हा वापरणे’ आणि ‘वाटून वापरणे’ या दोन गोष्टी मुलांच्या मनात एक होऊ देऊ नयेत. पाटी-पेन्सिल भावंडांत वाटून घेणे हा सद्गुण आहे. परंतु एकाच्या तोंडातील साधन दुसऱ्याच्या तोंडात गेले, तर रक्त व लाळ यांबरोबर रोगजंतूही जातात. शाळेत सर्वांसाठी एक दांडी कधीही ठेवू नये.

६. कृती

सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा घेऊन त्याची टोके दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावीत. मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला दोरा ठेवावा. तो फटीत करवतीसारखा हलके सरकवावा. दाबून झटका देऊ नये. मग दाताभोवती कोयरीसारखा वळवून बाजू खालीवर पुसावी, व शेजारच्या दातासही तसेच करावे. प्रत्येक फटीस दोऱ्याचा नवा भाग लावावा. आरंभी हिरडीतून थोडे रक्त आल्यास घाबरू नये. आठ-पंधरा दिवसांत ते न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे.

७. हे काम कोणाचे?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यास-आढाव्यात असे आढळले की, शाळेच्या दिवशी जाणत्या माणसाने लहान मुलांच्या दातांमधून दोरा फिरवला, तेव्हा कीड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. ज्यांनी स्वतःच दोरा फिरवला त्यांच्यात तसा लाभ दिसला नाही. यावरून गुण केवळ दोऱ्यात नसून हातात आहे, हे उघड होते. म्हणून पालकसभेत हा पाठ आयांना व वडिलांना पुन्हा करून दाखवावा. नऊ-दहा वर्षांपर्यंत दोरा वडीलधाऱ्यांनीच फिरवावा. त्याबरोबर दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे चालूच ठेवावे. दोरा हा त्याचा जोडीदार आहे, बदली नव्हे. घरात मिश्री लावण्याची रीत असेल तेथे ती तंबाखूच आहे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा दुखणाऱ्या दातांच्या मुलांची यादी वर्गशिक्षकाने आधीच तयार ठेवावी.

८. स्वाध्याय

(अ) दाढेच्या पाच बाजू दाखवणारी आकृती काढा.
(आ) रोज ४५ सेंटिमीटर दोरा लागतो, तर ३६५ दिवसांत किती मीटर लागेल? (उत्तर : १६४ मीटर २५ सेंटिमीटर)
(इ) घरातील सहा वर्षांच्या भावंडाची पहिली कायमची दाढ उगवली आहे काय, ते आईच्या मदतीने पाहा व दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा.

तिसरा स्वाध्याय शिक्षकांनी टाळू नये. त्या एका दाढेची नोंद ज्या घरात वेळेवर घेतली जाईल, त्या घरापुरता हा पाठ सफल झाला असे समजावे.