उन्हाच्या गावात व्हाइट वाइन

सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर सहज जातो. या गावात फ्रेंच व्हाइट वाइन सांभाळायची आणि चवीनं प्यायची, तर काय ध्यानात ठेवावं, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

१. फ्रान्सची ओळख अकलूजपासून करून घ्यावी.
माळशिरस तालुक्यात गारवाड, मोटेवाडी आणि निमगावला फ्रातेली या वाइन कंपनीच्या द्राक्षबागा आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी २००७च्या सुमारास हा उद्योग उभा केला. वाइन घडवणारे पिएरो मासी टस्कनीचे, रोपं फ्रान्सहून आणलेली. इथली शार्डोने आधी नीट चाखली की बरगंडीची शार्डोने का वेगळी लागते ते कळायला लागतं. द्राक्षाची जात तीच. पण आपल्या वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. बरगंडीतल्या शाब्लीची वेल हिवाळाभर निजते, द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास उतरतात आणि गार रात्रींमुळे त्यांच्यातला आंबटपणा शाबूत राहतो. रात्री उष्ण असल्या की द्राक्षातलं मॅलिक आम्ल लवकर घटतं. त्यामुळे आपली शार्डोने पिकल्या फळाच्या वासाकडे झुकते, तर शाब्लीत हिरवं सफरचंद आणि पहिल्या सरीनं भिजलेल्या दगडाचा वास येतो. व्हाइट वाइन वर्षानुवर्षं तग धरते ती बरीचशी या आंबटपणाच्या जोरावर. म्हणून इकडची बाटली दोन-तीन वर्षांत संपवावी आणि जपून ठेवायला बरगंडीचीच शाब्ली किंवा मेर्सो घ्यावी.

२. बाटलीच्या आधी जागा बघावी.
वाइनला १२-१३ अंश मानवतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वर्षभर हलू नयेत. जुन्या वाड्यातली जाड भिंतीची खोली गार वाटते, पण उन्हाळ्यात तीही तिशीकडे जाते. तिथे ठेवलेली बाटली वेळेआधी म्हातारी होते, वाइन फुगून बूच वर सरकतं, कधी कडेनं वाइन पाझरते. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात आणि हवा कोरडी असते. आठवडाभरासाठी ठीक, पण महिनोन्महिने ठेवलं तर बूच वाळतं. सोलापुरात वाइन कूलरला पर्याय नाही, आणि वीज जाते तिथे तो इन्व्हर्टरवर हवा. बाटली आडवी, अंधारात. एवढी सोय नसेल तर फार महागाची बाटली घरात आणूच नये. घेतली ती त्याच हिवाळ्यात उघडावी.

३. फोडणीच्या आधी चाखावी.
लसणाची फोडणी पडली किंवा देवघरात उदबत्ती लागली, की शाब्लीचा नाजूक वास गेला म्हणून समजा. मी दुपारीच, स्वयंपाकघरापासून लांब बसतो. ग्लास एक तृतीयांश भरायचा आणि आधी फक्त वास घ्यायचा. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाइन मुकी असते. दहा-बारा अंशांवर आली की बोलू लागते. मेर्सोचा तोच ग्लास अर्ध्या तासानं पुन्हा हुंगावा. आधी लिंबू वाटलेल्या वासात आता भाजलेला बदाम आणि लोणी सापडतं. पहिल्याच घोटाला मत देणाऱ्याचं मी ऐकत नाही.

४. सोतेर्न एकदा तरी चाखावी, द्राक्षबागायतदारानं तर नक्कीच.
नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात दिली, तो आपला मुलूख. इथे अवकाळी पाऊस झाला की भुरी-डाऊनीच्या धास्तीनं माणसं रात्रीतून फवारणी करतात. बोर्दोजवळच्या सोतेर्नमध्ये मात्र घडावर एक विशिष्ट बुरशी यावी म्हणून शेतकरी वाट बघतो. सिरों ही गार नदी गारोनला मिळते, शरदात सकाळी धुकं पडतं, त्या ओलीत मण्यांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. दुपारच्या उन्हात मण्यातलं पाणी उडतं आणि साखर, आम्ल दाट होत जातं. मजूर एकाच वेलीकडे पुनःपुन्हा येऊन तयार झालेले तेवढेच मणी खुडतात. १८५५च्या वर्गवारीत शातो दीकेमला सोतेर्नमधलं सर्वांत वरचं स्थान मिळालं. पीक मनासारखं नसलं तर तिथे त्या वर्षीची दीकेम काढतच नाहीत. २०१२ साल असंच कोरं गेलं. साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, त्यामुळे चांगली सोतेर्न अनेक दशकं टिकते.

५. बरगंडीची वाट फार पाहू नये.
शाब्ली-मेर्सो जपायला सांगितल्या खऱ्या, पण १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच बरगंडी व्हाइट अकाली उतरल्या. चांगल्या नावाची बाटली उघडावी आणि रंग चहाकडे गेलेला, वास डाग पडलेल्या सफरचंदाचा. कारण एकच सांगता येत नाही. बूच, सल्फरचं घटवलेलं प्रमाण अशी अनेक कारणं त्यात येतात. सहा बाटल्या असतील तर पाचव्या-सहाव्या वर्षी एक उघडून बघतो आणि ती जशी निघेल तसा उरलेल्यांचा निर्णय घेतो.

६. जोडीला काय?
डिसेंबर-जानेवारीत हुरड्याबरोबर सान्सेर. कोवळ्या ज्वारीचा हिरवा गोडवा आणि सान्सेरमधल्या सॉव्हिन्यॉं ब्लाँ द्राक्षाचा गवताळ वास छान जमतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असेल तर किंचित गोड व्हुव्रे. तिच्यातल्या शेनिन ब्लाँ द्राक्षाचा तो गोडवा तिखट झेलतो. तिखटजाळ मटणाच्या रश्श्याबरोबर मात्र शाब्ली उघडू नये. तिखटानं तोंड भाजलं की तिच्यातलं काहीच लागत नाही.